तीस अंड्यांचा हिशेब

शंकेखोर : तीस अंडी उबवणीच्या पेटीत ठेवली, अकरा पिल्लं निघाली, त्यातली दोन आठवड्याच्या आत गेली. उरली नऊ. आणि तू कॉलनीत पेढे वाटून राहिला! माझं माहेर उमरेडकडचं. आईची एक भुरी कोंबडी होती. बारा अंड्यांवर बसायची आणि नऊ-दहा पिल्लं घेऊन उठायची. तिला ना वीज लागायची ना थर्मामीटर. मला यंत्राचं वावडं नाही, हे आधीच सांगते. घरात मिक्सर आहे, वॉशिंग मशीन आहे. पण मिक्सर बिघडला तर फार तर चटणी जाडीभरडी होते. तुझी पेटी बिघडली की आत जे अर्धंमुर्धं घडलेलं असते ते मरते. ज्याची हौस त्याने तोटा सोसावा, ही आपली साधी रीत. इथे हौस तुझी आणि तोटा अंड्यातल्या जिवाचा. याला छंद कसं म्हणू?

हौशी : म्हणू नका, काकू. पण एकोणीस गेली ती कशी गेली एवढं ऐकून घ्या. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून पाहिली तेव्हा सहा अंडी कोरी दिसली, एकही शीर नाही. ती बहुधा फळलेलीच नव्हती. ज्याच्याकडून आणली त्याच्याकडे चाळीस कोंबड्यांत दोन कोंबडे. दहा मादींमागे एक नर लागतो, आणि उन्हाळ्यात नराचाही जोर कमी होतो. चार अंड्यांत रक्ताचं कडं दिसलं, बांगडीसारखं. म्हणजे जीव धरला होता आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच गेला. एक अंडं बाराव्या दिवशी पेटीतच फुटलं. तो वास अजून पडद्यांना आहे. उरलेली आठ तेविसाव्या दिवशी गच्चीवर नेऊन नाकाला रुमाल बांधून फोडली. आठही पिल्लं पूर्ण वाढलेली होती. पिसं, नखं, चोचीच्या टोकावरचा तो पांढरा दात, सगळं जागच्या जागी. फक्त बाहेर आली नव्हती. हे सगळं मी वहीत लिहिलं आहे. तुमच्या आईच्या भुरीची वही कोणी ठेवली होती का? आठवणीत नेहमी दहा पिल्लं निघतात.

शंकेखोर : वही माझ्यापुढे नाचवू नको. तू जे केलं त्याला आमच्याकडे पंचनामा म्हणतात. पंचनाम्याने मेलेला उठत नाही. आणि तुझ्या वहीत कारणं आहेत, गुन्हेगार नाही. ती चार अंडी, ज्यांत कडं दिसलं, ती पेटीत जायच्या आधी कुठे होती?

हौशी : ओट्यावर. दहा दिवस. रोज तीन-चार मिळत होती, तीस होईपर्यंत टोपलीत साठवली.

शंकेखोर : एप्रिलात, नागपुरात, ओट्यावर! आपल्या स्वयंपाकघरात तेव्हा दुपारी पस्तीस-छत्तीस अंश राहते.

हौशी : ते मला नंतर कळलं. साधारण वीस-एकवीस अंशांच्या वर गेलं की अंड्यातला जीव हळूहळू जागा होऊ लागतो. पूर्ण वाढायला साडेसदतीस लागतात. मधल्या उष्णतेत तो वेडावाकडा वाढतो, रात्री थबकतो, दुपारी पुन्हा सुरू होतो, आणि पेटीत जाईपर्यंत दमलेला असतो. अंडी पंधरा ते अठरा अंशांत, टोकदार बाजू खाली करून, आठवड्याच्या आतली ठेवायची असतात. पुण्यात थंडीच्या दिवसांत ओट्यावर चालून जातं, आपल्या इथे नाही. आणि फुटलेलं अंडं माझ्या स्वच्छतेमुळे गेलं. त्याला विष्ठा लागली होती, मी ते नळाखाली धुतलं. अंड्यावर निसर्गतःच एक पातळ थर असतो, तो धुतला की जंतूंना कवचाची छिद्रं मोकळी. गुन्हेगार हवा होता ना तुम्हाला? पाच अंड्यांचा गुन्हेगार मी. कबूल. पण पुढच्या खेपेला ही पाच जाणार नाहीत. शिकणं यालाच म्हणतात, आणि अंडी न घालवता कोणी शिकल्याचं मला माहीत नाही. इजिप्तमध्ये दोन हजार वर्षांहून जास्त काळ मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवत आले. शेणाच्या ढिगात अंडी उबवण्याच्या तिथल्या रीतीबद्दल ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. रिओम्यूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या भट्ट्यांचा अभ्यास करून १७४९ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या कारागिरांकडे थर्मामीटर नव्हता. अंडं पापणीला लावून ते ऊब ओळखायचे.

(मध्येच लेखकाची एक कबुली. हे ऐकल्यावर मीही एक अंडं पापणीला लावून पाहिलं. अंडं कोमट आहे, एवढंच कळलं. सदतीस आणि एकोणचाळीस यांतला फरक माझ्या पापणीला कळत नाही, आणि पिल्लाच्या जगण्या-मरण्याचा सगळा खेळ त्या दोन अंशांतच आहे.)

शंकेखोर : त्या कारागिराच्या मुलाला बाप शेजारी उभा करून शिकवत असेल. पोराचा हात चुकला तर बापाचा हात मध्ये यायचा. तुला कोण होतं? तू एकटा, रात्री दोन वाजता मोबाइलच्या उजेडात. चूक करायची, मग ती चूक कशाने झाली हे शोधायचं, मग नवी चूक. आणि तुझं यंत्र तरी खरं बोलते का? जानेवारीत काय झालं ते सांग. ते तू वहीत मागच्या पानावर लिहिलं असशील.

हौशी : जानेवारीत चोवीसपैकी तीन निघाली. तीही तेविसाव्या दिवशी, लडबडत. थर्माकोलची पेटी, साठ वॅटचा बल्ब, कॉम्प्युटरमधला जुना पंखा आणि दीड-दोनशे रुपयांचा लाल आकड्यांचा कंट्रोलर. मी त्यात ३७.५ भरलं आणि निश्चिंत झोपलो. त्या कंट्रोलरच्या पोटात एक दुसरी सेटिंग असते, बल्ब बंद झाल्यावर किती अंश उतरल्यावर पुन्हा लावायचा याची. कारखान्यातून येताना ती दोन अंशांवर असते. म्हणजे साडेसदतीसला बल्ब बंद, आणि साडेपस्तीसपर्यंत उतरल्याशिवाय पेटायचा नाही. सरासरी साडेछत्तीस. एका अंशाने पिल्लं दोन दिवस उशिरा आणि अशक्त. आता ती सेटिंग ०.२ वर आहे.

शंकेखोर : म्हणजे आकडा बरोबर दिसत होता आणि आत चूक चालली होती.

हौशी : हो. पण काकू, यंत्र चुकतं म्हणून आपण मोजणं सोडतो का? ३० मे २०२४ ला नागपुरात हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर बातम्या झाल्या. मग खात्याने सांगितलं, तो संवेदकच नीट चालत नव्हता. शहराचा खरा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९. त्या ५६ वरून कोणी थर्मामीटर फेकून दिले नाहीत, दुसऱ्या केंद्रांशी ताडून पाहिले. मीही तेच शिकलो, दमटपणाच्या बाबतीत. ती आठ पिल्लं त्यानेच गेली. सांगू?

शंकेखोर : सांग. त्या आठांचंच मला ऐकायचं आहे.

हौशी : अंड्याच्या कवचातून सतत वाफ बाहेर जात असते. अठराव्या दिवसापर्यंत वजन बारा-तेरा टक्क्यांनी घटायला हवं. पंचेचाळीस ग्रॅमचं गावरान अंडं असेल तर साडेपाच-पावणेसहा ग्रॅम. जेवढं पाणी जातं तेवढी बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते, आणि शेवटी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. पोकळी लहान राहिली तर त्याला वळायला जागा नाही, श्वासाला हवा नाही. माझ्या पेटीतला दमटपणा मी पन्नास-पंचावन्न टक्के धरून चाललो होतो. मापकही तेच दाखवत होता. सुरुवातीला हवा कोरडी ठणठणीत होती, म्हणून आत पाण्याच्या दोन वाट्या ठेवल्या. मग त्याच खोलीत कूलर सुरू केला. कूलरने खोली ओली, वाट्यांनी पेटी ओली, आणि मापक मात्र पंचावन्नावर ठाम. नंतर मिठाची चाचणी केली. बाटलीच्या झाकणात ओलं मीठ, ते आणि मापक एका बंद पिशवीत रात्रभर. तिथे आकडा पंचाहत्तर यायला हवा. माझ्या मापकाने साठ दाखवले. म्हणजे मी पंचावन्न समजत होतो तेव्हा आत सत्तर होते. सत्तर फक्त शेवटच्या तीन दिवसांत हवे असतात. आठही पिल्लं गुबगुबीत होती, ओली होती, पोकळी चिमूटभर. पाण्यात बुडून मेल्यासारखी.

शंकेखोर : घरातली माणसं कूलरपुढे निवांत झोपली होती, त्याच गारव्यात.

हौशी : हो.

शंकेखोर : मग आता माझं ऐक. तू प्रत्येक मरणाला एक वाटी, एक आकडा, एक सेटिंग चिकटवतो आणि मोकळा होतो. मला दिसते ते वेगळं. कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा छातीची पिसं गळतात, खालची कातडी उघडी पडते, तिथे रक्त भरते, ती कातडी अंड्याला टेकते. अंडं गार झालं की तिला कळते. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, दाणा-पाणी घेते, अंडी जराशी निवतात, परत येते. बाहेर ऊन तापलं की ती सैल बसते. तुझ्या पेटीला ऊब देता येते, गारवा देता येत नाही. मे अखेरच्या नवतप्यात तुझी खोली एक्केचाळीसवर गेली तर पेटी काय करेल? बल्ब बंद करून एक्केचाळीसवरच बसेल. आणि शेवटच्या आठवड्यात तर पिल्लं स्वतःच गरम होत असतात. दिवे गेले, कूलर थांबला, तुझा इन्व्हर्टर बल्बला वीज देत राहील, खोलीला कोण देईल? गार पडलेलं अंडं दोन-चार तास तग धरते. जास्त तापलेलं धरत नाही. म्हणून आई उन्हाळ्यात कोंबडी बसवायचीच नाही. तिच्याकडे वही नव्हती, पण हे एक पान पाठ होतं.

हौशी : हे पान मी मान्य करतो. मे महिन्यात पेटी बंद, असं मी ठरवलं आहे. पण कोंबडीचं जरा जास्तच गोड चित्र काढता तुम्ही. साप, मुंगूस, घार, कावळा, शेजारचं मांजर, यांनी नेलेली पिल्लं कुणाच्या हिशेबात धरायची? कोंबडी अर्ध्यातून उठून गेली की टोपलीभर अंडी गेली. रानीखेतचा रोग आला की गल्लीच्या गल्ली साफ. दहा पिल्लं घेऊन उठलेल्या भुरीची तीन महिन्यांनी किती उरायची? तो तोटा निसर्गाच्या खात्यावर जमा होतो म्हणून आपल्याला टोचत नाही. आणि दुकानातून आपण अंड्यांचा ट्रे आणतो, त्याचं काय? अंड्यांसाठी वाढवलेल्या जातीचे नर ना अंडी देतात ना पुरेसं मांस, म्हणून ते पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली, जगात बहुतेक ठिकाणी ते चालूच आहे. अंडी देणाऱ्या प्रत्येक कोंबडीमागे साधारण एक नर पिल्लू जातं आणि आपण विचारत नाही. माझी एकोणीस अंडी डोळ्यांसमोर मेली म्हणून ती मोठी वाटतात.

शंकेखोर : वाटू देत मोठी. डोळ्यांसमोर मेलेलं मोठंच वाटायला पाहिजे. पण कारखान्यात मारलेल्या पिल्लाने तुझ्या पेटीतल्या पिल्लाचा हिशेब फिटत नाही, आणि तुझ्या छंदाने तिकडचं एकही वाचत नाही. अच्छा, ती अकरा निघाली त्यातलं एक तू फोडून काढलं ना?

हौशी : कोणी सांगितलं?

शंकेखोर : तुझ्या मुलीने.

हौशी : विसाव्या दिवशी रात्री एकाने कवचाला टोचा मारला. गव्हाच्या दाण्याएवढं भोक. आतून चिवचिव ऐकू येत होती. सकाळपर्यंत भोक तेवढंच. मला माहीत होतं की टोच्यापासून बाहेर येईपर्यंत चोवीस तासही लागतात, आणि त्या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढत असतं, आतल्या पापुद्र्यातलं रक्त परत अंगात घेत असतं. पेटी उघडू नये, हेही माहीत होतं, कारण उघडली की दमटपणा पडतो आणि पापुद्रा सुकून चामड्यासारखा अंगाला चिकटतो. दुपारी चिवचिव कमी झाली. मुलगी म्हणाली, बाबा, ते थकलंय. मी झाकण उघडलं. चिमट्याने कवचाचा एक तुकडा उचलला. मग दुसरा. तिसऱ्याखाली पापुद्र्यावर लाल रेघ आली, केसाएवढी, आणि ती पसरली. मी थांबलो. झाकण लावलं. संध्याकाळी ते स्वतःच ढकलून बाहेर आलं, बेंबीपाशी बलकाची गाठ बाहेर लोंबत. चौथ्या दिवशी गेलं.

शंकेखोर : आणि ज्यांना हात लावला नाहीस ती?

हौशी : दुसऱ्या एकाने हवेच्या पोकळीपर्यंत चोच आणली होती, कवचाला टोचा मारला नव्हता. कानाशी धरलं तर आत खुडखुड. त्याला मी शिस्तीने हात लावला नाही. ते त्या आठांत आहे. काकू, इथे माझी वही संपते. एकाला हात लावला म्हणून गेलं, एकाला लावला नाही म्हणून गेलं, आणि दोन्ही वाक्यं मी लिहू शकत नाही, कारण दोन्ही खरी आहेत की नाही हेच मला सिद्ध करता येत नाही. कदाचित पहिलं असंही गेलंच असतं. कदाचित दुसरं मदतीनेही जगलं नसतं.

शंकेखोर : कोंबडी हात लावत नाही. शेवटच्या दोन दिवसांत अंड्यांशी बोलते, हळू, घशातल्या घशात. आतून पिल्लं उत्तर देतात. बस. जे निघत नाही त्याला सोडून बाकीच्यांना घेऊन उठते. आम्ही तिला निर्दय म्हणत नव्हतो. पण तू उठलास तर मी तुला निर्दय म्हणेन, हेही खरं आहे. का, ते मला सांगता येत नाही. तिने अंडी घातली, तू ती मागवली. एवढाच फरक असेल.

हौशी : त्या फरकाला मी उत्तर देऊ शकत नाही. मग आता मला एक विचारू द्या. तुमच्या घरी कोंबडी खुडूक झाली आणि अंडी विकायची असली, तर काय करायचे?

शंकेखोर : ... बादलीत बुडवायचे. थंड पाण्यात, दोन-तीनदा. नाहीतर नाकपुडीतून तिचंच पीस ओवायचे. ती पीस काढायच्या नादात बसणं विसरायची. आठ-दहा दिवसांत परत अंड्यावर यायची.

हौशी : खुडूक कोंबडी अंडी देत नाही. म्हणून घरोघरी खुडूक मोडली, आणि मोठ्या प्रमाणावर तर जी खुडूक होत नाही तीच कोंबडी निवडून वाढवली. आज पिंजऱ्यातल्या पांढऱ्या कोंबडीला बसणं जवळजवळ ठाऊकच नाही. ती जगात आहे ती यंत्रामुळेच. एकीकडे बसणारी कोंबडी आपण मोडली, दुसरीकडे पेटी आणली. तुम्ही मला भुरीकडे परत जा म्हणता, पण ती कोंबडी आता आणायची कुठून? बाजारात गावरान म्हणून जे मिळतं त्यातलंही बरंचसं पेटीतूनच आलेलं असतं.

शंकेखोर : आईची बादली मी विसरले नव्हते. सांगितली नाही, एवढंच. पण यातून माझा मुद्दा पडत नाही, आणखी अवघड होतो. तू पेटीत जी पिल्लं काढतो ती कोणत्या कोंबड्यांची? ज्या बसल्याच नाहीत त्यांची. बसणारीची अंडी तुला मिळणारच नाहीत, ती स्वतः वापरून राहिली असते. म्हणजे प्रत्येक खेपेला तू न बसणाऱ्यांचाच वंश वाढवतो. तुझी पेटी जितकी सुधारेल तितकं हे पक्कं होत जाईल. शंभरातली नव्वद काढशील तेव्हा तर कोणाला शंकाही येणार नाही. आणि त्या नऊंपैकी कोंबडे किती?

हौशी : तुरे बघून वाटतं पाच. दोन आत्ताच आरवायचा प्रयत्न करतात.

शंकेखोर : पहाटे साडेचारला. वरच्या मजल्यावरचे विचारत होते. पाच कोंबड्यांचं काय करणार? गच्चीवर एकच राहू शकतो, बाकीचे एकमेकांना फोडतील. रविवारी सावजी रस्सा?

हौशी : मुलीने चौघांची नावं ठेवली आहेत.

शंकेखोर : तर मग तुझ्या वहीत हा रकाना नाही. आणि दुसराही नाही. मार्च २०२४ मध्ये आपल्या शहरातल्या सरकारी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू निघाला, आठ हजारांवर कोंबड्या माराव्या लागल्या. त्याच वर्षाच्या शेवटी गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले, अहवालात तोच रोग. तिथे डॉक्टर आहेत, कुंपण आहे. तुझ्या गच्चीवर कबुतरं बसतात, तुझ्या भांड्यातलं पाणी पितात. उद्या या भागात रोग निघाला आणि पशुसंवर्धन खात्याची माणसं आली तर हे चौघं नावांसकट पोत्यात जातील.

हौशी : जाळी लावतो आहे. लसी दिल्या आहेत, रानीखेतची सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून. बर्ड फ्लूची लस दिलेली नाही, हे खरं. पण साथीचा धोका तुमच्या भुरीलाही होता, तो रानीखेतचा. काकू, बसणारीचा वंश म्हणालात ते मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. यातल्या चार माद्या आहेत. पाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येतील. उमरेडकडच्याच आहेत, त्यांच्यात एखादी अजून बसणारी असू शकते. वाट बघू.

शंकेखोर : खुडूक कोंबडी अंगावर पिसं फुलवून बसते, हात घातला की टोचते. ओळखायला वही लागत नाही. समज, दिवाळीनंतर त्यातली एक बसली. तेव्हा तिच्याखाली अंडी ठेवशील, की तिला बादलीत बुडवशील?

हौशी : पेटीत तेव्हा अंडी किती दिवसांची असतील, त्यावर आहे.